अळवावरचं पाणी आणि पाठीवरच्या तीन रेघा: एका माशीच्या ओळखीचं प्रकरण

मी लग्नाचे फोटो काढतो. सोलापुरात २२ वर्षं झाली या धंद्यात, कुठल्या कार्यालयाच्या स्टेजवर हिरवट उजेड पडतो आणि कुठे नवरीच्या तोंडावर पंख्याची सावली फिरते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण चातुर्मासात मुहूर्त नसतात, धंदा बसतो, आणि त्या रिकाम्या महिन्यांत गेली काही वर्षं मी किडे काढतो. म्हणजे फोटो. मित्रांनी सुरुवातीला लय खेचली, काय बे, नवऱ्या सोडून माश्यांच्या मागं लागला का म्हणून. आता सवय झाली त्यांना.

हे प्रकरण गेल्या भाद्रपदातलं आहे. माझी पुतणी बीएस्सीला, झूऑलॉजी, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट होता आपल्या परिसरातले १० कीटक, प्रत्येकाचा फोटो, शास्त्रीय नाव आणि दोन ओळी माहिती. सात झाले होते तिचे (फुलपाखरं, टाचणी, रातकिडा असले सोपे) आणि उरलेले तीन तिने माझ्या फोटोंतून घेतले. तिन्ही नोंदी "डान्स फ्लाय" (थव्याने नाचणाऱ्या शिकारी माश्यांचा एक गट) म्हणून. तिन्ही चुकल्या, आणि चुकल्या त्या वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. एका चुकीचं कारण तर मी स्वतःच होतो.

जागा सांगतो आधी. हिप्परग्याच्या तलावापलीकडे तुळजापूर रोडवरून आत गेलं की माझ्या मामांचं शेत आहे. जुनी दगडी विहीर, काठावर उंबर, आणि मोटेच्या काळातलं थारोळं आहे त्यात आता पंपाचं पाणी सांडतं. त्या सांडपाण्यावर अळू माजलंय, गुडघ्याच्या वर. आपल्या सोलापूरला पाऊस म्हणजे खरा सप्टेंबरातलाच, त्यामुळे गौरी जेवून गेल्या की त्या कोपऱ्यात इतकी ओल आणि सावली असते की बाहेरच्या माळावरून आत आलं तर वेगळ्याच गावाला आल्यासारखं वाटतं. माश्या तिथेच, अळवाच्या पानांवर.

फोटो क्रमांक एक. बाजूने काढलेला. काळी माशी, पाठीला चांगला पोक आलेला, डोकं खाली, आणि पायात एक चिलट धरून ती ते खातेय. पानाला शेजारी एक भोक पडलेलं, अळीने खाल्लेलं.

फोटो क्रमांक दोन. त्याच दिवशी, अर्ध्या तासाने, वरून काढलेला. पंख मिटलेले, आणि पाठीवर करड्या रंगात तीन ठसठशीत काळ्या रेघा. शेजारी पाण्याचा एक थेंब.

फोटो क्रमांक तीन. पुढच्या रविवारचा, परत बाजूने. काळी, पोकाची, एक नंबरसारखीच दिसणारी.

फोनमधलं ते ओळखणारं ॲप असतं त्यात पुतणीने तिन्ही टाकले. एक आणि तीनला ॲप म्हणालं एम्पिस लिव्हिडा, दोनला म्हणालं एम्पिस टेसेलाटा, दोन्ही डान्स फ्लायच्याच जाती. तिने तसंच लिहिलं, नोंद ८ आणि नोंद ९. विहिरीवर संध्याकाळी नाचणाऱ्या किड्यांचा एक थवा मी काढला होता, तो नोंद १० म्हणून, "डान्स फ्लायचं नृत्य".

नोंद १० चा निकाल एका मिनिटाचा आहे म्हणून आधी तोच लावतो. थव्यातल्या एकाला झूम केलं तर डोक्यावर मोरपिसासारख्या झुबकेदार मिशा. डान्स फ्लायच्या मिशा आखूड असतात, पिसासारख्या तर नाहीतच. हे कायरोनोमिडी कुलातले, न चावणारे, दिसायला डासासारखे. यांच्या अळ्या तलावाच्या चिखलात राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच रक्तासारख्या लाल असतात कारण त्यांच्यात खरोखरच हिमोग्लोबिन असतं. संध्याकाळी नाचतात हे खरं, पण नाचायचा मक्ता काय एकट्या डान्स फ्लायकडे नाही.

आता मुख्य भानगड.

पुतणी डान्स फ्लायवर का अडून बसली होती ते समजायला हवं, कारण त्यातच अर्धी चूक आहे. एम्पिडिडी कुलातल्या या माश्यांची गोष्टच तशी आहे. बऱ्याच जातींत नर शिकार पकडून मादीला आहेर म्हणून देतो आणि मादी ते खात असताना मिलन होतं. हिलारा वंशातले नर तर पुढच्या पायाच्या फुगीर भागातून रेशीम काढून त्यात शिकार गुंडाळतात, आणि काही जाती नुसता रिकामा फुगाच देतात, आत काहीच नाही. उत्तर अमेरिकेतल्या रॅम्फोमाया लाँगिकॉडा या जातीत तर उलटा कारभार, थव्यात नटून जातात त्या माद्या, पायांवर पिसासारखी खवलं, आणि हवा गिळून पोट असं फुगवतात की नराला वाटावं अंडी तयार आहेत. हवा भरलेली आणि न भरलेली एकच मादी दोन फोटोंत दिली तर कोणीही दोन जाती म्हणेल. हे सगळं वाचल्यावर पोरीला आपल्या फोटोतली माशी चिलट धरून बसलेली दिसली, आणि झालं, तिने लिहून टाकलं "नर, मादीसाठी आहेर घेऊन". मी पण मान डोलावली. रोज आहेराचेच फोटो काढणारा माणूस, मला तर ते पटायलाच हवं होतं.

भांडं फुटलं ते प्रिंटच्या वेळी. सबमिशनसाठी तिला ग्लॉसी पेपरवर मोठे प्रिंट हवे होते म्हणून मी फोटो मोठ्या मॉनिटरवर उघडले, दोन नंबर क्रॉप करायला घेतला, आणि माझी नजर माशीवर न जाता शेजारच्या थेंबावर गेली. अळवावरचं पाणी कसं असतं माहिती आहे सगळ्यांना, पानाला चिकटतच नाही, मोत्यासारखं गोल उभं राहतं. त्या गोल थेंबात चार पांढऱ्या ओळी चमकत होत्या. एकाखाली एक, सरळ.

त्या ओळी मी ओळखल्या. माझ्या व्हिडिओ लाइटला एलईडीच्या चार रांगा आहेत. त्या दिवशी उंबराखाली उजेड कमी म्हणून मी तो लाइट हातात धरला होता आणि उजेड पसरून मऊ व्हावा म्हणून वरून बटर पेपर लावतात त्याचा आळस केला होता. थेंबात जर चार रांगा दिसतायत तर शेजारच्या गोल, चकचकीत काळ्या पाठीवर पण दिसणारच. पाठीवर बघितलं. चार करड्या पट्ट्या, आणि त्यांच्या मधल्या तीन फटी काळ्या. टेसेलाटाच्या पाठीवर करड्या रंगात तीन काळ्या रेघा असतात हे बरोबर आहे, फक्त या तीन रेघा माशीच्या नव्हत्या, माझ्या लाइटच्या होत्या. लग्नात नवऱ्याच्या चष्म्यात छत्री लाइट दिसला तर मी असिस्टंटला झापतो, आणि इथे स्वतः तेच करून बसलो होतो.

पुतणीला बोलावलं. ती म्हणाली, "काका, मग एक नंबरच्या फोटोत रेघा नाहीत म्हणूनच ॲपने लिव्हिडा म्हटलं असणार." मी म्हटलं, "अगं पण लिव्हिडाला तरी कुठं रेघा नसतात?" बघितलं तर लिव्हिडालाही पाठीवर तीन गडद रेघा असतातच, म्हणून तर युरोपात सुद्धा या दोन जातींत गोंधळ होतो आणि लोक पायांचे आणि पंखांचे रंग बघून निवाडा करतात. लिव्हिडाचं नाव लिनीअसने १७५८ सालीच दिलेलं, टेसेलाटाचं फॅब्रिशियसने १७९४ मध्ये, म्हणजे जुन्या, नीट माहिती असलेल्या आणि भरपूर फोटो निघालेल्या जाती. ॲप असल्याच फोटोंवर शिकलेलं. त्याच्या डोक्यात काळपट, पोकाची, शिकार धरलेली माशी म्हणजे युरोपातली एम्पिस, कारण त्याने तीच हजार वेळा बघितलीय. त्याला दोष देऊन काय उपयोग, सोलापूरच्या अळवावरच्या माशीचे फोटो त्याला दाखवलेत कोणी?

मग आम्ही मुळापासून सुरुवात केली. जात सोडा, ही एम्पिस तरी आहे का?

पहिली गोष्ट सोंड. एम्पिसची सोंड लांब, सुईसारखी, आणि खाली वळलेली, बगळ्याने मान खाली घातल्यासारखी. आमच्या एक नंबरच्या फोटोत सोंड आखूड होती आणि समोर रोखलेली, आडवी. हे इतकं सरळ दिसत होतं की आधी का दिसलं नाही याची लाज वाटली. चिलटाकडे बघत बसलो होतो, चिलट कशाने खातेय ते बघितलंच नाही.

दुसरी गोष्ट आकार. टेसेलाटा म्हणजे साधारण १ सेंटिमीटरची माशी. आमची किती? फोटोत मोजपट्टी नव्हती. मॅक्रो फोटोत मुंगी पण म्हशीएवढी दिसते, आणि मला आठवतंय की ती "लहान" होती, पण लहान म्हणजे किती ते सांगता येईना. इथे ते पानाचं भोक कामी आलं. पितृपक्ष सुरू झाला होता, मामीने वडीसाठी अळू कापून नेलं होतं, आम्ही गेलो तेव्हा थारोळ्यात निम्मे देठच उभे. पण भोक पडलेलं पान वडीला चालत नाही, पीठ बाहेर येतं, म्हणून ते पान मामीने सोडून दिलं होतं. तेच पान, तेच भोक, कडेचा वाकडा कंगोरा पण तसाच. ग्राफ पेपर खाली धरून मोजलं, ७ मिलिमीटर. फोटोत माशी त्या भोकाच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे ४ मिलिमीटरच्या आसपास. टेसेलाटा तिथेच बाद.

मामी बघत होत्या. भोक मोजायला दोन माणसं सोलापुरातून पेट्रोल जाळून आली हे त्यांना काही केल्या पटेना.

तिसरी गोष्ट पंखाच्या शिरा, आणि इथे अडलो. पंखाच्या टोकाकडे जाणारी एक शीर असते, आर-चार-अधिक-पाच म्हणतात तिला. एम्पिसमध्ये ती टोकाजवळ दुभंगते, गलोलीच्या बेचकीसारखी. रॅम्फोमायामध्ये दुभंगत नाही, सरळ जाते. हायबोटिडी म्हणून दुसरं एक कुल आहे त्यातही दुभंगत नाही. बसलेल्या माशीचे पंख एकावर एक मिटलेले, वरच्या शिरा आणि खालच्या शिरा एकमेकींत मिसळून नुसतं जाळं दिसतं. तिन्ही फोटोंत एकाही पंखाची शीर शेवटपर्यंत धरता येईना. पुण्यात माश्यांवर काम करणारे एकजण ओळखीचे आहेत, त्यांना पाठवलं तर त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं, "पंख दाखवा".

आता पंख दाखवायचे म्हणजे काय ते सांगतो, कारण फोटो काढणाऱ्याला हे कळायला पाहिजे. एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर किडा जेवढ्यास तेवढा, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ ११ ला (लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून) स्पष्ट दिसणारा थर जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो. चार मिलिमीटरची माशी. डोळा स्पष्ट आला की पंखाचं टोक गेलं, पंख आला की पाय गेला. आपल्या हाताला सवय डोळ्यावर फोकस मारायची, माणसाचा असो की माशीचा, आणि डोळा स्पष्ट आला की फोटो "छान" येतो. माझे तिन्ही फोटो छान होते. तिन्हींत डोळे कसे लखलखीत, आणि ज्याच्यावरून निवाडा व्हायचा ते सगळं धुरकट.

डोळ्यांवरून आठवलं. पुतणीने वाचलं होतं की डान्स फ्लायमध्ये नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मादीचे एकमेकांपासून दूर. आमच्या माश्यांचे डोळे चिकटलेले, म्हणून तिने सगळ्यांना नर ठरवलेलं. एम्पिडिडीतल्या पुष्कळ जातींत ते खरं आहे. पण काही गटांत नर-मादी दोघांचेही डोळे चिकटलेलेच असतात. हा मुद्दा पुढे येतो परत.

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी पाऊस, दुसऱ्या रविवारी माशी सापडली पण पंख काही उघडेना. तिसऱ्या रविवारी सकाळी एकीने पानाच्या कडेवर बसून मागच्या पायांनी पंख विंचरायला घेतले. माणूस आंघोळीनंतर पाठ पुसतो तसं, एक पंख खाली दाबून, ताणून, सोडून. मी लाइट तिच्या मागे धरला, या वेळी बटर पेपर लावून, आणि डोळ्याकडे अजिबात न बघता पंखावर फोकस ठेवून एका दमात चाळीसेक फोटो मारले. अडतीस गेले. दोन राहिले. त्या दोनांत शीर टोकापर्यंत सरळ, बेचकी नाही.

त्याच फोटोंत मागचा पाय पण उचललेला सापडला, आणि तो बघून पुण्यातले सर एकदम खूश झाले. मांडी भलतीच जाड, आखाड्यातल्या पैलवानासारखी, आणि तिच्या खालच्या बाजूला काट्यांची रांग, करवतीचे दात असावेत तशी. पोक आलेली छाती, समोर रोखलेली सोंड, मागची मांडी जाड आणि काटेरी, डोळे चिकटलेले, शिरेला बेचकी नाही. ही हायबोस. मायगेनने १८०३ साली केलेला वंश, हायबोटिडी कुलातला. एम्पिस नाहीच.

पुतणी म्हणाली, "पण काका, लायब्ररीतल्या पुस्तकात हायबोस एम्पिडिडीमध्येच दिलंय." तिचंही खरं होतं. पूर्वी हे सगळं एकाच कुलात होतं, १९८३ मध्ये मिलान ख्वाला या चेक अभ्यासकाने हायबोटिडी वेगळं कुल केलं. जुनं पुस्तक असेल तर एम्पिडिडी, नवीन असेल तर हायबोटिडी. वेगळं करायला जी कारणं आहेत त्यातलं एक म्हणजे पुढच्या नडगीच्या बुडाशी असलेली छोटी ग्रंथी, ती माझ्या कॅमेऱ्यात सात जन्मात दिसणार नाही. दुसरं म्हणजे नराचं शेपटाकडचं टोक उजवीकडे पिळलेलं असतं. ते दिसू शकतं, नर मिळाला तर.

आणि आहेराचं काय? गेला. हायबोसमध्ये नर-मादी दोघंही स्वतःची शिकार स्वतः करतात, मागच्या काटेरी मांड्या त्यासाठीच. चिलट धरून बसलेली माशी बहुतेक नुसती जेवत होती. पुतणी दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग तिने ते वाक्य खोडलं, पण खोडताना रेघ अगदी बारीक मारली, खालचं वाचता येईल इतकी.

आता वाटलं संपलं. नोंद ८ आणि ९ एकच, हायबोस, लिहा आणि सोडा. पण एक आणि तीन मी शेजारी शेजारी लावून बघत होतो, आणि आता नजर मांडीवर बसायला लागली होती. तीनमधल्या माशीची मांडी जाड होती पण एक नंबरइतकी नाही. आणि नडग्या पिवळसर. एक नंबरच्या काळ्या कुळकुळीत.

म्हणजे जे दोन फोटो एकमेकांसारखे म्हणून तिने एका नोंदीत टाकले होते ते दोन निघत होते, आणि जे वेगळे म्हणून दोन नोंदींत टाकले होते ते एक.

पण घाई नको. पिवळ्या पायांचं एक साधं कारण असू शकतं. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी फिकट असते, अंग कडक व्हायला आणि रंग चढायला वेळ लागतो. तशी कोवळी माशी मिळाली तर काळ्या पायांची जात पण पिवळ्या पायांची दिसेल, आणि आपण उगीच दोन जाती करून बसू. पुतणी यावर खूश होती, तिला एक नोंद वाचवायची होती. मी पण जवळपास मानलंच होतं.

मग पंख बघितला. पंखाच्या पुढच्या कडेला, मध्याच्या पुढे, एक लांबट डाग असतो, स्टिग्मा म्हणतात. एक नंबरच्या माशीत तो नुसता धुरकट, असून नसल्यासारखा. तीन नंबरच्या माशीत गडद तपकिरी, पेनने भरल्यासारखा. कोवळी म्हणून पाय पिवळे असतील तर हा डाग पण फिका पाहिजे होता, सगळं अंगच फिकं पाहिजे होतं. इथे डाग गडद, छाती काळी चकचकीत, आणि फक्त नडग्या पिवळ्या. म्हणजे माशी पूर्ण पिकलेली आहे आणि पिवळा रंग तिचा स्वतःचा आहे. पायांचा रंग आणि हा डाग, दोन्ही हायबोसच्या जाती वेगळ्या करायला वापरतातच.

मग नर-मादीचा फरक असेल का? ही शंका सरांनी काढली. तीन नंबरचं पोट टोकाकडे निमुळतं होत गेलेलं स्पष्ट दिसतंय, म्हणजे ती मादी. एक नंबरचं टोक त्या मेल्या चिलटामागे झाकलेलं. दोन नंबरचं पंखाखाली. पंख विंचरणारीचं टोक माझ्या फोकसच्या बाहेर, अर्थात, कारण मी या वेळी फक्त पंख बघत होतो. शेवटी ऑक्टोबरात, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांच्या गर्दीतून गाडी काढत परत गेलो आणि काळ्या पायांची एक निमुळत्या पोटाची मादी मिळाली. काळे पाय, धुरकट डाग, जाड मांडी. दोन्हीकडे मादीच, तरी फरक तोच. त्यामुळे नर-मादीचा फरक म्हणून सोडवता येत नाही. दोन जाती आहेत असं मी म्हणतो, सर म्हणतात "दिसतायत".

दोन नंबरबद्दल मात्र मी तेवढं छातीठोक बोलणार नाही. वरून काढलेल्या फोटोत नडगी काळी दिसते, डाग धुरकट दिसतो, मांडीचा फुगीर भाग पंखाखालून डोकावतो, म्हणून एक नंबरच्याच जातीची धरली. पण त्या फोटोवर माझ्या लाइटने आधीच एकदा फसवलंय.

जातीचं नाव? ते फोटोवरून निघत नाही. हायबोसच्या जाती आशियात भरपूर आहेत, एकट्या चीनमधूनच गेल्या काही दशकांत कितीतरी नव्या लिहिल्या गेल्या, आणि शेवटचा निर्णय नराच्या शेपटाकडच्या भागावर होतो, तोही सूक्ष्मदर्शकाखाली, भाग सोडवून. त्यासाठी नर पकडायला हवा आणि अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायला हवा. यावरून आमच्यात वाद झाला. मी म्हटलं एक माशी मारली तर काय बिघडतं, आपण डास रोज मारतो. पुतणी म्हणाली डास आपण नाव लिहायला मारत नाही. मला यावर उत्तर सुचलं नाही, पण माझं मत बदललेलं नाही, नाव पाहिजे असेल तर एक नर द्यावा लागेल. वाद तसाही मिटलेला होता, कारण नर सापडलाच नव्हता.

कॉलेजच्या फॉरमॅटमध्ये जातीच्या नावाचा कॉलम होता, आणि तो रिकामा सोडला तर मार्क जातात असं तिला सांगितलेलं. एम्पिस टेसेलाटा लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते, कोण बघायला येतंय. याचा मला राग आला, तिलाही आला, आणि तिला तो घरी माझ्यावर काढू दिला. शेवटी तिने लिहिलं ते असं: नोंद ८, हायबोस, जात अ, काळ्या नडग्या, डाग धुरकट. नोंद ९, हायबोस, जात ब, पिवळ्या नडग्या, डाग गडद. नोंद १०, कायरोनोमिडी, पुढे ठरवलेलं नाही. दोन नंबरचा फोटो तिने वगळला नाही, वेगळ्या पानावर लावला, थेंबाभोवती लाल पेनने गोल करून.

प्रोजेक्ट परत आला तेव्हा ८ आणि ९ च्या पुढे पेन्सिलने लिहिलेलं होतं, "जातीचं नाव?" तिने त्याखाली लिहिलं, "नर मिळाल्यावर", आणि फाईल मला आणून दिली, ठेवा म्हणाली तुमच्याकडे.

दिवाळीनंतर थारोळ्यातलं अळू पिवळं पडलं, तुळशीची लग्नं झाली, माझे मुहूर्त सुरू झाले. लाइटला बटर पेपर मी आता चिकटपट्टीने कायमचाच लावून टाकलाय, लग्नात पण काढत नाही. मामीला सांगून ठेवलंय की पुढच्या भाद्रपदात वडीला पानं न्यायची तेवढी न्या, उंबराखालची शेवटची रांग सोडा.